संसदेतली नोंद ऑनलाइन शोधायची कशी

संसदेतल्या नोंदी विषयवार नाही, तारीखवार लावलेल्या असतात. नवख्या माणसाचा बहुतेक वेळ वाया जातो तो हे ठाऊक नसल्यामुळे. 'कांदा निर्यात' किंवा 'पीक विमा' असे दोन शब्द शोधचौकटीत टाकले की निकालांचा ढीग येतो, त्यातले कितीतरी भलत्याच सालातले असतात, आणि हवी ती नोंद त्या ढिगात असेलच याची खात्री नसते. उलट ज्याच्या हातात सभागृह, अधिवेशन आणि तारीख या तीन गोष्टी आहेत त्याला तीच नोंद पाच मिनिटांत मिळते. म्हणून सुरुवात विषयापासून करायची नाही; आधी तारीख काढायची.

कशासाठी कुठे जायचं

'संसद डॉट इन' हे दोन्ही सभागृहांचं आजचं संकेतस्थळ. तिथे आधी लोकसभा की राज्यसभा ते निवडायचं, मग सदस्य, प्रश्न, विधेयकं, चर्चा, समित्या, पटलावर ठेवलेली (म्हणजे सभागृहात रीतसर सादर केलेली) कागदपत्रं अशी दालनं दिसतात. जुन्या खंडांसाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय आहे. पहिल्या लोकसभेपासूनचे वृत्तांत (सभागृहात बोललं गेलं त्याची शब्दशः नोंद), समित्यांचे अहवाल आणि स्वातंत्र्यपूर्व कायदेमंडळांचं कामकाज तिथे मिळतं. कायद्याचा आज लागू असलेला मजकूर 'इंडिया कोड'वर असतो. तोच कायदा पहिल्यांदा छापला गेला तेव्हा कसा होता, ते भारताच्या राजपत्रात, म्हणजे ई-गॅझेटवर. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही बिगरसरकारी संस्था विधेयकाच्या सगळ्या तारखा एका पानावर मांडते, त्यामुळे तारीख काढायला ती फार उपयोगी. उद्धृत मात्र नेहमी मूळ कागदावरूनच करायचं, सारांशावरून नाही.

अधिवेशनाच्या क्रमांकात एक खोच आहे. लोकसभा विसर्जित होते, त्यामुळे प्रत्येक नव्या लोकसभेत अधिवेशनांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, म्हणून तिची मोजणी १९५२ पासून सलग चालू आहे. २०१९ च्या हिवाळी अधिवेशनाचं उदाहरण घ्या. लोकसभेच्या नोंदीत ते 'सतरावी लोकसभा, दुसरं अधिवेशन' आहे आणि राज्यसभेच्या नोंदीत २५०वं. एका सभागृहाचा क्रमांक दुसऱ्याच्या चौकटीत टाकला की पान रिकामं येतं आणि माणसाला वाटतं, नोंदच नाही.

तारीख काढायची कशी

वर्तमानपत्रातली बातमी ही सर्वांत सोपी वाट. बातमी सहसा दुसऱ्या दिवशी छापून येते, म्हणून छापील तारखेच्या आदला दिवस आधी बघा. शनिवार-रविवारची सुट्टी मध्ये आली असेल तर शुक्रवार. ही वाट बंद असेल तर कायद्याच्या मंजुरीच्या तारखेपासून मागे या, किंवा लोकसभेचं 'बुलेटिन भाग १' उघडा. या बुलेटिनकडे फारसं कोणी जात नाही, पण ते फार कामाचं आहे. दिवसभरात सभागृहात काय घडलं याचा तो थोडक्यात गोषवारा असतो. पाचशे पानी वृत्तांत उतरवून घेण्याआधी दोन-चार पानांचं बुलेटिन वाचलं की हवा तो विषय त्या दिवशी आला होता की नाही हे लगेच कळतं. 'बुलेटिन भाग २' निराळं. त्यात सदस्यांसाठीच्या सूचना असतात.

कामकाज पत्रिकेवर मात्र विसंबू नका. तिच्यात त्या दिवशी काय घ्यायचं ठरलं होतं ते असतं, काय झालं ते नाही. गोंधळात सभागृह तहकूब झालं तर पत्रिकेतली सगळी विधेयकं तशीच पुढे ढकलली जातात.

एक कायदा मुळापर्यंत

माहितीचा अधिकार अधिनियम घेऊ, कारण नोंद शोधताना लागणाऱ्या बहुतेक ठेचा या एकाच कायद्यात लागतात.

इंडिया कोडवर तो '२००५ चा २२' या क्रमांकानं सापडतो. शीर्षकाखाली तारीख दिसते १५ जून २००५. ही राष्ट्रपतींच्या मंजुरीची तारीख, संसदेत संमत झाल्याची नाही. म्हणजे दोन्ही सभागृहांतली चर्चा त्याआधीच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात शोधायची. ती मिळते लोकसभेत ११ मे २००५ ला आणि राज्यसभेत १२ मे २००५ ला.

आता मूळ विधेयक. विधेयकांच्या यादीत २००५ साल निवडलं तर ते मिळत नाही. ते लोकसभेत मांडलं गेलं २३ डिसेंबर २००४ ला आणि तेव्हा त्याचं नाव होतं 'माहितीचा अधिकार विधेयक, २००४'. विधेयक एका वर्षात मांडलं आणि पुढच्या वर्षी संमत झालं की नावातलं साल बदलतं. कायद्याच्या सालात विधेयक मिळालं नाही तर एक-दोन वर्षं मागे जाऊन बघायचंच.

तिसरी ठेच समितीच्या अहवालाची. विधेयक लोकसभेत मांडलं, म्हणून अहवालही लोकसभेच्या समित्यांत असेल असं कोणालाही वाटेल. पण हे विधेयक गेलं कार्मिक, लोकतक्रार, विधी व न्याय या विषयांच्या स्थायी समितीकडे, आणि ती समिती राज्यसभेच्या सचिवालयाखाली चालते. तिचा तिसरा अहवाल मार्च २००५ मध्ये आला आणि तो राज्यसभेच्या बाजूला ठेवलेला आहे. विभागवार स्थायी समित्या एकूण २४. त्यातल्या १६ लोकसभेकडे, ८ राज्यसभेकडे. गृह, आरोग्य, शिक्षण, उद्योग, वाणिज्य, परिवहन-पर्यटन-संस्कृती, विज्ञान-पर्यावरण आणि कार्मिक-विधी हे विषय राज्यसभेकडे आहेत. शेती, अर्थ, संरक्षण, रेल्वे वगैरे लोकसभेकडे. समितीत मात्र दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात. ही व्यवस्था १९९३ मध्ये १७ समित्यांनी सुरू झाली आणि २००४ मध्ये संख्या २४ झाली. त्यामुळे १९९३ च्या आधीच्या विधेयकावर स्थायी समितीचा अहवाल शोधू नका. असलाच तर प्रवर समितीचा (एका विधेयकापुरत्या नेमलेल्या) किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीचा असेल.

हे कागद शेजारी शेजारी उघडले की कायदा कसा घडला ते दिसू लागतं. २००४ च्या मूळ विधेयकाचा रोख केंद्र सरकारच्या कारभारापुरता होता. अंतिम अधिनियम राज्यांनाही लागू झाला. हा बदल कुठे झाला, कोणी सुचवला, सरकारनं काय उत्तर दिलं, हे समितीच्या अहवालात आणि मे महिन्यातल्या चर्चेत वाचायला मिळतं. नुसता कायदा वाचून ते कधीच कळत नाही. विधेयकाच्या शेवटी जोडलेलं 'उद्देश व कारणे यांचं निवेदन', वित्तीय ज्ञापन (खर्चाविषयीची टीप) आणि प्रत्यायोजित विधिविधानाविषयीचं ज्ञापन (नियम करण्याचे कोणते अधिकार सरकारकडे सोपवले त्याची टीप) आवर्जून वाचा. कायदा छापला जाताना ही तिन्ही गळतात. ती मिळतात फक्त मांडलेल्या विधेयकाच्या प्रतीत.

प्रत कोणती हे क्रमांकावरून ओळखता येतं. लोकसभेत मांडलेल्या विधेयकाला साधा क्रमांक असतो आणि लोकसभेनं संमत केलेल्या प्रतीला त्याच क्रमांकापुढे 'सी' लागतो. २०२३ चं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक मांडताना ११३ क्रमांकाचं होतं, संमत झालं तेव्हा ११३-सी. राज्यसभेत मांडलेल्या विधेयकांचे क्रमांक रोमन अंकांत असतात.

कायदा संमत झाला म्हणजे लागू झाला असं नाही, आणि लिहिणारे सर्वांत जास्त चुकतात ते इथे. माहिती अधिकाराची काही कलमं लगेच लागू झाली, बाकीची १२०व्या दिवशी, म्हणजे १२ ऑक्टोबर २००५ ला. त्याच्या आधीचा 'माहिती स्वातंत्र्य अधिनियम, २००२', म्हणजे २००३ चा ५, संसदेनं संमत केला होता आणि त्याला राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली होती, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना निघालीच नाही. पुढे २००५ च्या अधिनियमाच्या कलम ३१ नं तो रद्द केला. 'कायदा होता' आणि 'कायदा लागू होता' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दुसऱ्याचा पुरावा फक्त राजपत्रात मिळतो.

राजपत्रात शोधताना भाग माहीत असावा लागतो. भाग दोन, विभाग एक: अधिनियम. भाग दोन, विभाग दोन: विधेयकं. भाग दोन, विभाग तीन, उपविभाग एक: नियम, ज्यांच्यावर 'जी. एस. आर.' क्रमांक असतो. उपविभाग दोन: आदेश व अधिसूचना, 'एस. ओ.' क्रमांकाच्या. कायदा अमुक तारखेपासून लागू, असं सांगणारी अधिसूचना बहुधा या शेवटच्या उपविभागात, असाधारण (म्हणजे नेहमीच्या अंकाबाहेर काढलेल्या) अंकात असते. शोधताना तारखेच्या चौकटीत दोन-तीन दिवस मागे-पुढे ठेवा, कारण अधिसूचनेवरची तारीख आणि प्रकाशनाची तारीख एकच असेल असं नाही.

शेवटी दुरुस्त्या. इंडिया कोडवरचा मजकूर आजचा आहे. २०१९ च्या २४व्या अधिनियमानं माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन यांविषयीची कलमं १३, १६ आणि २७ बदलली. २०२३ च्या डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४ च्या पोटकलम ३ मध्ये माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) चा, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या अपवादाचा, मजकूर बदलण्याची तरतूद आहे. २०१२ मधल्या एखाद्या निर्णयाबद्दल लिहायचं असेल तर आजचा मजकूर उपयोगी नाही; कलमाखालच्या तळटीपा वाचत मागे जायचं आणि तेव्हाचा मजकूर उभा करायचा.

प्रश्नोत्तरं: आकडेवारीची खाण

जिल्हावार किंवा योजनावार सरकारी आकडे हवे असतील तर मंत्र्यांच्या लेखी उत्तरांइतकं चांगलं ठिकाण क्वचितच मिळतं. लोकसभेत रोज २० तारांकित आणि जास्तीत जास्त २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी, पटलावर ठेवलेलं.

प्रत्येक अधिवेशनात प्रश्नांचे क्रमांक एकपासून सुरू होतात. म्हणून 'अतारांकित प्रश्न क्रमांक १४२०' एवढाच संदर्भ दिला तर तो कोणत्या अधिवेशनातला हे कोणालाही सांगता येणार नाही. तारांकित आणि अतारांकित यांच्या मालिकाही वेगळ्या, त्यामुळे एकाच क्रमांकाचे दोन प्रश्न एका अधिवेशनात सहज असतात.

उत्तराच्या कागदाची रचना ठरलेली असते. वर मंत्रालयाचं नाव, मग सभागृह, प्रश्नाचा प्रकार व क्रमांक, उत्तराची तारीख, विषयाचं छोटं शीर्षक, प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांची नावं. मग प्रश्नाचे ए, बी, सी, डी असे तुकडे. उत्तर मात्र कित्येकदा 'ए ते डी' असं एकत्र दिलेलं असतं. अशा वेळी प्रत्येक तुकडा उत्तराशी ताडून बघा. विचारलं होतं पाच वर्षांचं आणि उत्तरात तीनच वर्षांचे आकडे आले, जिल्हावार मागितलं आणि राज्यवार दिलं, असं बऱ्याचदा आढळतं. जे सांगितलं नाही तेही अभ्यासात नोंदवण्याजोगं असतं. तक्ता सहसा शेवटी परिशिष्टात असतो. पहिल्या पानावर थांबू नका.

विषयाचं शीर्षक तोकडं असतं, त्यामुळे नुसत्या शब्दशोधावर भिस्त ठेवली तर पुष्कळ उत्तरं निसटतात. त्यापेक्षा मंत्रालय निवडा, अधिवेशन निवडा आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचा. यात मदत करणारी एक गोष्ट: मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार ठरवून दिलेला असतो. एखाद्या अधिवेशनात एखादं मंत्रालय लोकसभेत कोणत्या वारी उत्तर देतं हे एकदा कळलं की त्या अधिवेशनातले फक्त तेवढे वार उघडायचे. राज्यसभेत त्याच मंत्रालयाचा वार वेगळा असतो.

तारांकित प्रश्नाचे दोन कागद असतात हे विसरू नका. प्रश्नांच्या दालनातल्या प्रतीत फक्त लेखी निवेदन. उपप्रश्न आणि मंत्र्यांनी उभं राहून दिलेली उत्तरं त्या दिवशीच्या वृत्तांतात. प्रश्नोत्तराचा तास लोकसभेत अकराला सुरू होतो. राज्यसभेत २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून तो बाराला आहे. आणि सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न शोधत बसू नका. कोविडमुळे तेव्हा प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं दिली गेली.

'माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवली जाईल' असं उत्तर दिसलं तर शोध तिथे संपत नाही. असं वाक्य हे आश्वासन धरलं जातं आणि ते तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं. पुढची माहिती पूर्ततेच्या विवरणात येते, ते विवरण पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांत मिळतं. बरेच महिने काहीच आलं नसेल तर सभागृहाच्या शासकीय आश्वासन समितीचे अहवाल चाळा.

वृत्तांत वाचताना

ताजा वृत्तांत 'असंपादित' म्हणून चढवलेला असतो. तो वाचायला ठीक, पण छापायचं असेल तर दुरुस्त आवृत्ती आली का ते आधी पाहा. मूळ आवृत्तीत हिंदी भाषण हिंदीत आणि इंग्रजी भाषण इंग्रजीत असतं. मराठीत झालेलं भाषण मात्र मूळ शब्दांत मिळेलच असं नाही. लोकसभेच्या वृत्तांतात अशा भाषणाला तारका लावून खाली 'मूळ मराठी भाषणाचा अनुवाद' अशी टीप दिलेली आढळते. तो अनुवाद पुन्हा मराठीत आणून वक्त्याच्या तोंडी अवतरणचिन्हांत घालणं सरळ सरळ चूक आहे. त्याचे खरे मराठी शब्द हवे असतील तर त्या दिवसाचं चित्रीकरण ऐका आणि स्वतः उतरवून घ्या. भाषण नेमकं कुठे आहे हे शोधायला वृत्तांतात मधून मधून छापलेली वेळ उपयोगी पडते.

तारकांचा दुसरा अर्थ: तो मजकूर अध्यक्षांच्या आदेशानं कामकाजातून काढून टाकला, किंवा नोंदवलाच गेला नाही. कोणत्या कारणानं ते पानाच्या तळाशी लिहिलेलं असतं.

'आमच्या खासदारानं कोणत्या बाजूनं मत दिलं?' हा प्रश्न लोक फार मनापासून विचारतात आणि बहुतेक वेळा नोंदीत उत्तर नसतं. साधी विधेयकं सहसा आवाजी मतदानानं संमत होतात, त्यात नावं येत नाहीत. मतविभाजन झालं, म्हणजे प्रत्येक सदस्याचं मत वेगळं नोंदवलं गेलं, तरच नावनिशी यादी छापली जाते. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे ही यादी नक्की मिळते. त्या यादीखालची टीपही वाचा. यंत्राऐवजी चिठ्ठीनं मत नोंदवलेल्यांची किंवा दुरुस्त केलेल्यांची नावं तिथे असतात आणि जाहीर झालेल्या आकड्यात त्यानं फरक पडतो.

जुन्या नोंदींची नावं

इथे नाव चुकलं की कपाटच चुकतं. 'लोकसभा' आणि 'राज्यसभा' ही नावं १९५४ पासूनची. त्याआधीचे खंड 'हाउस ऑफ द पीपल' आणि 'काउन्सिल ऑफ स्टेट्स' या नावांनी लावलेले आहेत. १९५० ते १९५२ हंगामी संसद होती. तिचे वृत्तांत दोन भागांत आहेत, पहिल्यात प्रश्नोत्तरं आणि दुसऱ्यात बाकीचं कामकाज.

घटना समितीच्या बाबतीत तर अभ्यासू माणसंही फसतात. ९ डिसेंबर १९४६ पासूनच्या राज्यघटनेवरच्या चर्चा १२ खंडांत आहेत आणि त्या परिच्छेदवार शोधता येतील अशा स्वरूपात ऑनलाइन मिळतात. पण नोव्हेंबर १९४७ पासून हीच समिती देशाचं कायदेमंडळ म्हणूनही बसत होती आणि त्या बैठकांचे वृत्तांत 'घटना समिती (विधायी)' या वेगळ्या मालिकेत आहेत. हिंदू संहिता विधेयकावरची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भाषणं त्या १२ खंडांत शोधाल तर हाती काही लागणार नाही. ती या विधायी मालिकेत आणि पुढे हंगामी संसदेच्या वृत्तांतात आहेत. नामदार गोखल्यांचं १९११ चं प्राथमिक शिक्षण विधेयक त्याहून मागे, इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह काउन्सिलच्या कामकाजात.

शब्दानं शोध लागत नाही तेव्हा

जुने खंड स्कॅन करून चढवलेले आहेत. यंत्रानं ओळखलेली अक्षरं पुसट पानांवर चुकतात. एका शब्दानं मिळालं नाही तर त्याच परिच्छेदात असणारा दुसरा ठळक शब्द टाका. काही जुन्या हिंदी फाइली युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण नक्कल करून चिकटवलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. तशा फाइलीत देवनागरी शब्द शोधून कधीच सापडणार नाही. पानं उलटूनच वाचावी लागतात.

इंग्रजी नोंदीत जुनी स्पेलिंगं आहेत: बॉम्बे, पूना, शोलापूर, नासिक. मंत्रालयांची नावंही बदलली. शिक्षण मंत्रालय १९८५ ते २०२० या काळात मनुष्यबळ विकास मंत्रालय होतं. जलशक्ती हे नाव २०१९ पासूनचं, त्याआधी जलसंसाधन. सदस्याचं नाव आडनाव आधी धरून शोधा आणि आद्याक्षरं वगळून पाहा.

नोंद मिळाल्यावर

फाइल लगेच उतरवून घ्या. संसदेची संकेतस्थळं बदलत आली आहेत आणि जुन्या लेखांत दिलेले अंकी पत्त्यांचे (नावाऐवजी नुसते आकडे असलेले) कितीतरी दुवे आज उघडत नाहीत. म्हणून संदर्भ देताना नुसता दुवा पुरत नाही. सभागृह, लोकसभा असेल तर कितवी, अधिवेशन, तारीख, कागदाचा प्रकार, प्रश्न वा विधेयकाचा क्रमांक आणि पान एवढं लिहा. दुवा मेला तरी यावरून कोणीही तोच कागद पुन्हा काढू शकतो. फाइलच्या नावातही हाच क्रम ठेवा, तारीख पुढे: '२००५-०५-११ लोकसभा चर्चा माहिती अधिकार'. वर्ष, महिना, दिवस या क्रमानं लिहिलं की फोल्डरमधल्या सगळ्या फाइली आपोआप कालक्रमानं लागतात आणि मधली एखादी तारीख राहून गेली असेल तर ती लगेच नजरेत येते.